मोडलेली खूण

आसराबाईला बापाचा चेहरा आठवत नव्हता, आणि ह्याचा तिला बापापेक्षा स्वतःचाच जास्त राग यायचा. आता आठवणार तरी कसा म्हणा! रझाकारांच्या धामधुमीत रखमाजी खांद्यावर बंदूक टाकून निघून गेला, तेव्हा ही मायच्या कडेवर होती. गेला तो गेलाच. लढाईत कामी आला, असं सगळं गाव म्हणालं.

ऐंशीला टेकलेली ही बाई आज पोराला, परमेश्वरला, सोबत घेऊन वडीगोद्रीहून आष्टीच्या ठाण्यात आली होती. आष्टीत एक जुनं घर पाडताना आढ्यात चिंध्यांत गुंडाळलेली बंदूक सापडली होती, अन् तिच्या लाकडी दस्त्यावर कसलीशी खूण होती म्हणे. इकडं गावात हुतात्म्यांच्या नावाचा दगड बसणार होता. बंदूक रखमाजीची निघाली, तर त्याचंही नाव दगडावर चढणार होतं. परमेश्वरला रात्रभर झोप नव्हती.

फौजदार गंधालीमॅडमनं बंदूक टेबलावर ठेवली. "रिकामी आहे, आजी. घाबरू नका."

"घाबरायला काय झालं? माह्या बाची अस्ली तर मी तिची बहीणच लागते की!"

मॅडम हसल्या. पोलादावरचा मुकुट, त्याखाली जी.आर. ही अक्षरं, त्याखाली १९१७, असं एकेक त्यांनी बोटानं दाखवलं. "विलायतेच्या राजाच्या फौजेची आहे. बोल्टवरचा नंबर मात्र वेगळा. कुणीतरी दोन बंदुकांची एक केलीय."

"हे राजाचं झालं. माह्या बाचं दावा."

रखमाजीच्या मेंढरांच्या कानाला दोन काप अन् मधे एक भोक असायचं. तीच खूण तो काठीवर करी, तांब्यावर करी. माय म्हणायची, ह्या माणसाचा काय भरवसा, पोरीच्याही कानाला काप देईल म्हणून मी तुला पदराखाली झाकून ठेवायची!

मॅडमनं दस्ता उजेडाकडं फिरवला. दोन रेघा, मधे टिंब. आसराबाईनं त्यावर बोट ठेवलं. अगं बाई! जो हात एकदा डोक्यावरून फिरावा म्हणून जन्मभर जीव तुटला, त्या हाताचं हे काम. ती रडली, आणि चारचौघांत रडायला बिलकुल लाजली नाही.

"मी म्हणून राह्यलो ना कवापासून!" परमेश्वर म्हणाला.

तेवढ्यात तिच्या बोटाला तिसरी रेघ लागली. तिरपी, दोन्ही रेघा कापत गेलेली.

"तो ओरखडा असेल," मॅडम म्हणाल्या.

ओरखडा कुठला? मेंढरू विकलं की धनी आपल्याच हातानं खुणेवर तिरपा काप मारायचा. खूण मोडली, म्हणजे जनावर राजीखुशीनं दुसऱ्याचं झालं. चोरून नेलेल्याची खूण कुणी मोडत नसे, आणि मेलेल्या धन्याची तर नाहीच, ते पाप. आसराबाईनं स्वतः कितीतरी खुणा मोडल्या होत्या. तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

म्हणजे बंदूक देऊन टाकताना तो धडधाकट होता, हातात सुरी होती. आणि इथून घर किती लांब? मेंढरं घेऊन दोन मुक्कामांची वाट.

"जिता व्हता," ती पुटपुटली.

"काय, माय?"

"जिता व्हता रे! लढाई सोडून दिल्ती त्यानं. अन् मायनं तिकडं जित्या नवऱ्याचं कुंकू पुसलं." तिला हसावं की बापाला शिव्या घालाव्यात, कळेना. मेला म्हणून आला नाही, ह्या एका गोष्टीवर तिनं सारा जन्म काढला होता. आता तीही गेली. "आरं बा, मंग आला का न्हाईस?"

परमेश्वरचं तोंड उतरलं. तो घाईघाईनं म्हणाला, "मॅडम, बंदूक आमच्या आज्याचीच हाये, बराबर हाये. नाव कोरायला सांगतो मी."

आसराबाईनं त्याचा दंड धरला. "कोरू नको. त्यो दगड मेलेल्यांचा हाये."

"मंग गावाला काय सांगू?"

"सांग, आसरा वाट पाहून राह्यली."