माझ्या पाठीवरची खळगी

मित्रांनो, काचेच्या पेटीत आरशासारखी चकाकणारी ही लांब सुरी पाहून तुम्ही ‘वा!’ म्हणाल. म्हणू नका. मी जपानमधल्या साकाई गावची, मासे कापायची जुनी सुरी आहे आणि आता मला एकही मासा नीट कापता येत नाही.

आमच्या गावात एकटा माणूस सुरी करत नाही. एकाने भट्टीत मऊ लोखंडावर कडक पोलाद चढवून मला घडवलं. दुसऱ्याने मोठ्या गोल चाकावर आकार आणि धार दिली. तिसऱ्याने माझं शेपूट तापवून चाफ्याच्या कुळातल्या हलक्या लाकडाच्या मुठीत ठोकलं. माझी एक बाजू उतरती आहे. दुसरीला आम्ही पाठ म्हणतो. ती किंचित खोलगट असते. त्या खळगीमुळे माशाचा काप मला चिकटत नाही आणि पाठ दगडावर ठेवली की फक्त कडेची बारीक किनार टेकते. त्या किनारीतच माझा जीव असतो.

ताझुकोबाईंच्या खानावळीत मी उमेदीची सगळी वर्षं काढली. एका ओढीत काप सुटायचा. धार लावायला मी शेजारच्या इवामात्सूंकडे जायचे. ओल्या दगडावर त्यांचा हात फिरू लागला की मी निर्धास्त व्हायचे.

पुढे बाईंची बोटं आखडली. त्यांची भाची नागिसा बंदरावर स्वतःची खानावळ उघडणार होती. मी तिच्याकडे जायचं ठरलं. मला कोण आनंद झाला!

“इवामात्सू, हिला नीट घासून दे. अजून किती चालेल तेही पारखून सांग,” बाई म्हणाल्या.

“वहिनी, तुमच्यापेक्षा जास्त चालेल ही!”

“मेल्या, तुझ्यापेक्षा तर मीच जास्त चालेन.”

दुपारी इवामात्सूंना माझ्या पाठीवर गंजाचा ठिपका दिसला. भेट द्यायच्या सुरीवर डाग कसा ठेवायचा? एरवी ते पाठ दगडावर अलगद टेकवत. त्या दिवशी त्यांनी खरखरीत दगडावर ती बोटांनी दाबून घासली. ठिपका गेला, पण टोकाकडची खळगीही सपाट झाली. त्यांनी पाठीवर पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिलं. पट्टीखालून उजेड आलाच नाही.

उपाय होता. पलीकडच्या गल्लीतल्या कारागिराच्या चाकावर खळगी पुन्हा कोरता आली असती. पण मग ‘पाठ मी दाबली’ हे त्याला सांगावं लागलं असतं. इवामात्सू गेले नाहीत. त्यांनी मला चकचकीत केलं, जुनी मूठ काढून काळ्या शिसवीची बसवली आणि बाईंसमोर ठेवलं.

“वहिनी, हिचं पोलादच संपलंय. आता शोभेला ठेवा.”

माझं पोलाद संपलं नव्हतं!

“काका, परवापर्यंत तर झकास चालत होती,” नागिसा म्हणाली. “नीट बघा की!”

“लोणी कापायला चालेल अजून,” ते हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

बाईंनी मला उचललं. त्यांचा अंगठा पाठीवरून सरकत टोकाशी आला आणि थांबला. खळगी गेल्याचं त्यांना कळलं. आता बोलतील, मला वाटलं. त्यांनी इवामात्सूंकडे पाहिलं. ते मान खाली घालून उभे होते.

“बरं,” बाई म्हणाल्या, “पेटी करून घेऊ. नागिसा, तुला नवी आणू. इवामात्सू, चहा घेऊन जा.”

इवामात्सूंनी चूक लपवली, बाईंनी शेजार राखला. त्यात मी मात्र ज्या हातांवर विसंबले, त्यांनीच मला टाकलं. मित्रांनो, आपल्या चुकीचा दोष मुक्या वस्तूवर ढकलू नका. तिला उलट बोलता येत नाही. चूक झाल्या दिवशीच सांगा, तेव्हा बरंच काही दुरुस्त होतं.

सणासुदीला इवामात्सू बाईंच्या खानावळीत येतात, बाहीने माझी काच पुसतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात, “काय सुरी होती ही!”

‘होती’ म्हणतात. मी तर इथेच आहे.