लढाऊ विमानाचा पायगुण

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे. पण आधी आप्पासोंचा फायदा मोजून घेऊ, म्हणजे मी इथं का उभा आहे ते कळेल. आप्पासो हे गावचे पुढारी. मला आणल्यानं त्यांना तीन गोष्टी मिळणार होत्या: उद्घाटनाच्या दगडावर नाव, जिल्हा परिषदेच्या तिकिटाला जोर, आणि त्यांच्या नव्या मंगल कार्यालयासमोर अशी खूण, की वऱ्हाडाला पत्ता विचारावा लागू नये. चौथी गोष्ट देशभक्ती. भाषणात ती पहिली होती.

माझा आराखडा परदेशी, जुळणी नाशिकजवळची. मला घडवलं ते एकाच कामासाठी: शत्रूचं विमान गाठायचं आणि पाडायचं. ते जमतंय म्हटल्यावर पंखांखाली बॉम्ब टांगले. ते झेपलं, तर पोटाखाली कॅमेरा लावला. पुढं नवं रडार आलं, संगणक आले, लांबच्या पल्ल्यासाठी इंधनाच्या जादा टाक्या आल्या. याला बहुउद्देशीय म्हणतात. जी सून कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही, तीही घरात अशीच बहुउद्देशीय होत जाते. माझं वजन वाढलं, कौतुक वाढलं, इंजिन मात्र तेच राहिलं.

हवाई दलातली एक रीत मला फार आवडायची. वैमानिक कितीही मोठा असो, जमिनीवरच्या तंत्रज्ञानं तपासून सही केल्याशिवाय मी हलायचो नाही. टायर डोळ्यांना बरा दिसतो म्हणून कुणी सही करत नसे. मापक लावायचा, आकडा बघायचा, मग पेन उघडायचं. या रीतीच्या जिवावर मी पंचवीसेक वर्षं धडपणे खाली उतरत राहिलो. मग धातू थकला. माझं इंजिन काढलं, पंख वेगळे बांधले आणि ट्रेलरवरून मला कवठे महांकाळ तालुक्यातल्या या गावात आणलं.

गावात धोंडिराम होते. वीस वर्षं हवाई दलात तंत्रज्ञ, म्हणजे माझ्यासारख्यांवर सह्या करणारा माणूस. निवृत्त झाल्यावर ते गावच्या मैदानावर पोरापोरींकडून भरतीची तयारी करून घेत. चारशे मीटरची फेरी त्यांनी स्वतः टेपनं मोजून फक्कीनं आखली होती. चार फेऱ्या म्हणजे सोळाशे मीटर, आणि मुलींनी ते आठ मिनिटांच्या आत संपवायचे. त्यांची लेक प्रियंका आठ मिनिटं वीस सेकंदांवर अडकली होती. वयाच्या अटीमुळं ही तिची शेवटची भरती. पुढच्या वर्षी तिचा अर्जच चालणार नव्हता.

मला एसटी स्टँडजवळच्या मोकळ्या जागेत उभं करावं, असं धोंडिराम बैठकीत म्हणाले. पण आप्पासोंचं कार्यालय मैदानाला लागून होतं.

"धोंडिराम, पोरांच्या डोळ्यांम्होरं पायजे विमान," आप्पासो म्हणाले. "बघूनच फौजेत जात्याली."

मग मैदानाच्या एका टोकाला चौथरा झाला, रेलिंग झालं, गुलाबाची झाडं लागली. फेरीचं त्या टोकाचं वळण चौथऱ्याखाली गेलं. पोरं रेलिंगच्या अलीकडूनच वळू लागली.

आणि चमत्कार झाला. पंधरा दिवसांत प्रियंका चार फेऱ्या सात मिनिटं वीस सेकंदांत मारू लागली. कायम मागं राहणारा कपिलसुद्धा वेळेत बसू लागला. गावानं ताबडतोब निदान केलं: विमानाचा पायगुण. गावातल्या मनुबाईंनी माझ्या पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं. आप्पासोंनी दोन भाषणांत माझा दाखला दिला. प्रियंकाच्या आईनं, जाईबाईंनी, तेवढं विचारलं, की एवढा पायगुण हाय, तर ह्याला कामावरनं काढलं कशाला? त्यावर लोक हसले आणि नारळ फुटला.

मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. धावपट्टीच्या लांबीवर ज्याचा जीव अवलंबून असतो, त्याला अंतर कळतं. फेरी आखूड झाली होती. पण माझा रेडिओ काढून घेतलेला, सांगणार कसं?

प्रियंकाला संशय आला होता. एका सकाळी ती माझ्या पंखाच्या सावलीत थांबली.

"आबा, चौथ्या फेरीला दम लागायचा. आता लागत न्हाई. कायतरी चुकतंय."

धोंडिरामांनी हातातल्या घड्याळाकडं पाहिलं. आकडा गोड होता. उभ्या आयुष्यात टायरची हवाही डोळ्यांनी न पारखलेला माणूस म्हणाला, "तयारी झालीया म्हणून लागत न्हाई. आता लेखीचं बघ." संध्याकाळचा सराव त्या दिवसापासून बंद झाला.

भरतीच्या मैदानावर प्रियंकाला आठ मिनिटं नऊ सेकंद लागले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी धोंडिराम टेप घेऊन आले. एक टोक दगडाखाली दाबून त्यांनी फेरी दोनदा मोजली. तीनशे साठ. प्रियंका रेलिंगजवळ येऊन उभी राहिली, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"फेरीला चाळीस मीटर कमी पडत्यात," ते म्हणाले. "मी मोजली न्हाई, पोरी."

ती खाली वाकली. मग दगड बाजूला सारून तिनं टेपचं टोक हातात धरलं.

"नीट आखा, आबा. कपिलची भरती अजून व्हायचीया."

चार फेऱ्यांची तूट भरायला दोघांनी मिळून सुरुवातीची रेघ एकशे साठ मीटर मागं नेली. कपिलची वेळ पुन्हा वाढली, तेव्हा माझा पायगुण सरला असं गावानं ठरवलं.

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल, तर मला हार घालू नका, त्यानं गंज थांबत नाही. माझ्या कौतुकापायी कुणाचं काय जातंय, तेवढं टेप लावून बघत जा. आप्पासोंना तिकीट मिळालं. कार्यालयाच्या पत्रिकांवर पत्ता म्हणून माझं चित्र छापतात. मला दर वर्षी रंगाचा हात मिळतो. प्रियंका मिरजेच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायला बसते. या सगळ्याची किंमत नऊ सेकंद झाली, आणि ती तिनं एकटीनं भरली.