समाधानची मूठ

"ही मना तेजसनी," म्हणत भागाबाईने गव्हाची मूठ सुपात सोडली आणि वर थोडे दाणे टाकून ती सव्वा केली.

उद्या घरात श्रावणातली कानबाई देवी बसणार होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य घ्यायचं, त्याचा रोट करायचा आणि तो फक्त भाऊबंदांनीच खायचा, ही रीत. भागाबाईचा तेजस कॅनडाला गेला तो फिरकलाच नव्हता, पण त्याची मूठ एकदाही चुकली नव्हती.

ओट्यावर समाधान बसला होता. बसला म्हणजे ओट्याच्या वीतभर वर. एका पहाटे तो आभाळातून धरणगावच्या कापसात उतरला, तेव्हा गावाने त्याला एवढंच विचारलं होतं, की भाऊबंद कोण? सावली का पडत नाही, हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. उलट तरंगणारा माणूस गल्लीला फार सोयीचा पडला. टाक्या धुवायच्या, डिशची छत्री फिरवायची, की मारा समाधानला हाक. काम झालं की त्याच्याशी बोलायला कुणाला सवड नसे. भागाबाई तेवढी चहा देई, निराळ्या कपात.

"अक्का," तो आभाळाकडे बोट दाखवत म्हणाला, "मना लोके माले लेवाले येवाव शेतस. आठे कोनी माले आपला म्हनीसन मोजं, ते मी ऱ्हाई जासू. एक मूठ मना नावनी ल्या ना."

भागाबाईचा हात गव्हातच थांबला. तिने नवऱ्याकडे बघितलं. अभिमन आबांनी पेपर खाली ठेवला.

"तू चांगला पोऱ्या शे रे," ते म्हणाले, "पन तुले कूळ नही. उद्या भाऊबंद माले काय म्हनतीन?"

कानबाई बसली. भाऊबंद आले, रोट जेवले आणि गाड्या काढून नशिराबादला परत गेले. तेजसच्या वाट्याचा रोट तेवढा उरला. पौर्णिमेच्या आत तो संपवायलाच हवा. आबा दोन दिवस नेटाने चावत राहिले आणि मग पोट धरून आडवे झाले. रोट फेकता येत नाही, परक्याला देता येत नाही. शेवटी परसात पुरायचं ठरलं, आणि खड्डा खणायला हाक मारली समाधानलाच.

त्याने खड्डा खणला. भागाबाईने फडक्यातला रोट खाली ठेवला.

"कसा लागस वं अक्का?" त्याने विचारलं.

तिला रडूच फुटलं. जो मागतो आहे त्याच्यासमोर आपण अन्न मातीत घालतो आहोत, हे तिला कळत होतं. आबांचा शब्द मोडायची हिंमत मात्र होत नव्हती.

"काही खास नही रे भाऊ," ती म्हणाली. "कोरडाच लागस."

त्याने माती लोटली. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्याने पहिल्यांदाच जमिनीला पाय टेकवले आणि ती नीट दाबली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुणीच नव्हतं. भागाबाई चहा घेऊन कितीतरी वेळ तिथे उभी होती.

दुपारी शेजारचा लोटन टाकी धुवायची म्हणून त्याला शोधत आला. "आबा, तो कोठे गया?"

"कोन, आमना समाधान?" आबा घसा खाकरून जरा ऐटीतच म्हणाले. "आमनं पोर आते परदेशमा ऱ्हास."

"मंग येई कधी?"

"दिवाईले," आबा म्हणाले. तेजसबद्दल कुणी विचारलं तरी ते हेच सांगत.