हुकामागची पट्टी

“घे माय, मीच आणलं. तुझ्या बाबाले यातलं काही माहीत नाही.”

कांचन मावशीचा तो दबका, हसरा आवाज आठवणीतून आला आणि हर्षिताची किल्ली कुलपात क्षणभर अडली. नागपूरचं इंदोरा कुठं आणि न्यू जर्सीतल्या मेटुचेनची ही मेन स्ट्रीट कुठं. पण आवाजाला तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही. दाराआड तेरा वर्षांची बिनआईची पोर उभी आहे, शेजारची मावशी पदराखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढते आहे, आणि गल्लीत कुणाला काही कळत नाही.

किल्ली फिरली. मागे बाबा उभे होते. धर्मराज मेश्राम, पोस्टाच्या पार्सल खिडकीवरून निवृत्त झालेले, जावयाचं जाकीट अंगात, हात पाठीशी.

“या बाबा. जपून, पायरी आहे.”

इतकी वर्षं तिनं फोनवर ‘कपड्यांची कंपनी’ एवढंच सांगितलं होतं. कुठले कपडे, हे बाबांनी कधी विचारलं नाही. आता मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि त्यांनी एकच हट्ट धरला होता: तुझी कामाची जागा पाहिल्याबिगर मी जाणार नाही. काल भांडी लावता लावता नवरा, प्रितम, म्हणाला होता, “सांगून टाक ना यार. काय करतील?” काहीच करणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. नुसती मान खाली घालतील. आणि ती खाली गेलेली मान मग रोज सकाळी तिच्याआधी दुकानात येऊन उभी राहील.

तिनं दिवे लावले. एकेका दिव्यागणिक दुकान उमलत गेलं. लाकडी हँगरवर चहाच्या रंगाची लेस, शेवाळी रेशीम, मोरपिशी काठाच्या ब्रा, काचेच्या खणात घडी घातलेले गाऊन.

बाबांनी वर पाहिलं.

“छत उंच आहे.”

“हो.”

“हवा खेळती राहते.” मग त्यांनी खाली पाहिलं. “फरशी लाकडाची का? छान आहे.”

छत झालं, फरशी झाली. मधला भाग तेवढा राहिला.

नजर ठेवायला त्यांना शेवटी भिंतीवरचा फोटो सापडला. शिवणयंत्राशी बसलेली, दंडावर बाह्या सारलेली एक गोरी म्हातारी.

“ही कोण?”

“ओदिल हेलेमान्स. बेल्जियममध्ये हिनं घरात शिवायला सुरुवात केली. अजून घरचीच कंपनी आहे, चौथी पिढी. सगळ्यांत महाग ब्रँड हिच्या नावाचा, ओदिल. सुनेच्या नावाचा ब्रिगित, तो रोजच्या वापराचा. आणि पणतीचं नाव नोरा, तो तरुण मुलींसाठी.”

“म्हणजे घरच्या बायांची नावं दुकानावर.”

“हो.”

“आणि आपल्याकडं बघ. अँड सन्स.”

ती हसली. तेवढ्या हसण्याच्या आधारानं म्हणाली, “बाबा, मी इथं बायकांची मापं घेते. कुणाला काय नीट बसेल, ते...”

“दिसून राहिलं. पोस्टात होतो, आंधळा नव्हतो.”

ते जाऊन खुर्चीवर बसले. दुकानात ती एकच खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवलेली होती. बायकोला आत सोडून अवघडलेल्या नवऱ्यांसाठी. आता तिच्यात बाबा होते आणि त्यांची पाठ तिच्याकडं होती. पाठीला चेहरा नसतो. तरीही हर्षितानं तिच्यात तो शोधून पाहिला.

मग ती कामाला लागली. दहा वाजता मिसेस फेल्डमन येणार होत्या. वयानं त्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. ओदिलच्या ब्राची रेशमी पट्टीसुद्धा त्यांना हुकांपाशी टोचायची. हर्षिता त्यांच्यासाठी हुकामागं मऊ सुती कापडाची बोटभर पट्टी लावून द्यायची. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं. गेल्या वर्षी नोरा स्वतः आली तेव्हा तिनं ती पट्टी उलटसुलट करून पाहिली होती आणि फोटो काढून नेला होता.

चार टाके, एक उलटी गाठ. चार टाके, एक उलटी गाठ.

खुर्ची करकरली. बाबा वळले होते.

“काय शिवून राहिली?”

“हूक टोचू नये म्हणून पट्टी. दहाला एक बाई येणार आहेत, त्यांच्यासाठी.”

ते उठून जवळ आले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि तिच्या हाताकडं पाहत राहिले.

“गाठ काऊन मारली मधेच?”

“एक टाका तुटला तर सगळी पट्टी उसवू नये.”

“बरोबर आहे.” मग म्हणाले, “कोणी शिकवलं?”

“कांचन मावशीनं. म्हणजे तिनं शिकवलं नाही, मीच एक उसवून पाहिलं होतं.” सुई कापडात धरून ती थांबली. हे ती प्रितमशिवाय कुणाशी बोलली नव्हती, आणि बापाशी बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. “आई गेल्यावर मावशीच आणून द्यायची ना मला सगळं. माझे आतले कपडे. दुकानातला माल कडक असायचा, हूक पाठीत रुतायचे. पण तिनं आणलेल्याला आतून अशी पट्टी असायची. पांढरी, धुऊन धुऊन साय झालेली. तिचंच जुनं पातळ असेल. वर्गातल्या मुली पाठ खाजवत बसायच्या, आणि मला वाटायचं, माझ्या पाठीवर कुणीतरी हात ठेवलाय.”

बाबांनी बोटांनी जाकिटाची चेन थोडी वर केली, थोडी खाली केली.

“ती गेली तेव्हा मला येता आलं नाही,” हर्षिता म्हणाली. “तिला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. आता प्रत्येक पट्टी लावताना मनात म्हणते. मला हे काम आवडतं बाबा. तुम्हाला कसं वाटेल म्हणून सांगितलं नव्हतं.”

मागच्या दाराची बेल वाजली. माल आला होता. तिनं शिवण टेबलावर ठेवलं आणि गेली. खोके मोजून घेतले, सही केली; ड्रायव्हरला हवामानाविषयी दोन शब्द बोलायचे होते, तेही ऐकले.

परत आली तेव्हा खुर्ची रस्त्याकडं नव्हती. टेबलाच्या दिव्याखाली ओढलेली होती, आणि बाबा ओणवे होऊन दातांनी दोरा तोडत होते. घरी त्यांनी कधी सुई धरलेली तिला आठवत नव्हती. सुई होती ती पोस्टात, पार्सलं शिवायची, जाड आणि सुतळीची.

“बाई येईल म्हणत होतीस,” ते म्हणाले. “अर्धं राहिलं होतं.”

तिनं ती पट्टी हातात घेतली. उजेडाकडं धरली. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि पुन्हा मागं आणला. चार टाके, एक उलटी गाठ. चार टाके, एक उलटी गाठ. आपलं शिवण कुठं संपलं आणि त्यांचं कुठं सुरू झालं, ते तिला सापडेना.

तिनं वर पाहिलं. बाबा सुई परत डबीत ठेवण्यात गुंतले होते. डबीचं झाकण नीट बसलेलं होतं, तरी ते बसवत राहिले.

“कांचनले सुई धरता येत नव्हती, बेटा,” ते म्हणाले. “बिचारी नुसती आणून द्यायची. तुले माझ्या हातून घ्यायला लाज वाटली असती. मग मीच तिले सांगून ठेवलं होतं, माझं नाव घेऊ नको म्हणून.”

बाहेर मिसेस फेल्डमनची निळी गाडी येऊन थांबली. म्हातारीनं काचेतून हात हलवला. हर्षिताला हात वर करायचा होता, पण दोन्ही हातांत ती पट्टी होती.

“आणि ते पातळ कांचनचं नव्हतं,” बाबा म्हणाले. “तुझी आई विहारात नेसून जायची ना, ते पांढरं. तेच कापत होतो.”