सज्जनबाईंचं वरचं दार, खालचं दार

मी एक जुनं सागवानी दार आहे. मित्रांनो, एरंडोलच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत सज्जनबाईंच्या घराला मी लागलो, तेव्हा अखंड होतो. आता माझं वरचं अर्धं वेगळं आणि खालचं अर्धं वेगळं.

सज्जनबाईंचा एक नेम आहे. चातुर्मासात गावात जैन साध्वीजी मुक्कामाला असतात. बंद दार त्या उघडत नाहीत, हाकही मारत नाहीत. म्हणून दुपारी जेवणाआधी सज्जनबाई मला सताड उघडत. साध्वीजी गोचरीला, म्हणजे भिक्षेला याव्यात, आपल्या हातचा घास त्यांच्या पात्रात पडावा, अशी भावना मनात धरून हात जोडून बसत आणि मगच जेवत. मी नुसतं उघडं राहायचं. पण तेवढा वेळ मला देवळाचं दार झाल्यासारखं वाटे.

मग नात हिना चालू लागली. एकदा ती माझ्यातून धावत थेट रिक्षासमोर गेली. ब्रेक लागला म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सूनबाई चेलनाने मला कडी घातली. सज्जनबाई बंद दाराकडे तोंड करून बसत आणि ताट तसंच झाकून ठेवत. चेलनाला ते बघवेना. तिने पितांबर सुताराला बोलावलं.

“धडधाकट दार कापनं? हाई काय टरबूज शे का, अक्का?” पितांबर सज्जनबाईंकडे बघून हसला.

“कापा, भाऊ,” चेलना म्हणाली. “वरचं बाईजींच्या नेमासाठी उघडं राहील, खालचं हिनासाठी बंद.”

करवत माझ्या मधल्या आडव्या पट्टीतून फिरली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण दोन्ही अर्ध्यांना नव्या बिजागऱ्या मिळाल्या, खालच्या अर्ध्यावर रुंद फळी बसली. सगळी गल्ली मला बघून गेली. भाजीवाली भागाबाई तर फळीवर जुड्या मांडून म्हणायची, हे दार म्हणजे मनं दुकानच शे. मला त्याचाही अभिमान वाटे. आणि सज्जनबाई पुन्हा वेळेवर जेवू लागल्या.

एका दुपारी खरंच साध्वीजी आल्या. वरच्या दारातून पांढरी वस्त्रं दिसताच सज्जनबाई भान विसरून धावल्या आणि त्यांनी खालचं दार ओढलं. फळीवर ओल्या मेथीची जुडी होती. ती सज्जनबाईंच्या पायांवर पडली. हिरव्या पाल्यात जीव मानतात. त्याचा स्पर्श झालेल्या माणसाच्या हातचा आहार साध्वीजी घेत नाहीत.

त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. “राहू द्या, सज्जनबाई. तुमचा भाव पोहोचला.” आणि वळल्या.

जुडी मीच तिथे राहू दिली, असं म्हणत चेलना रडत राहिली. सज्जनबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“अगं, येणाऱ्यासाठी अर्धंच दार उघडून बसलो आपण. उद्यापासून तेवढा वेळ हिनाला मांडीवर घे.”

आता दुपारी माझी दोन्ही अर्धी उघडी असतात. फळी रिकामी, पुसलेली. चेलना हिनाला घेऊन सासूच्या शेजारी बसते. चातुर्मास संपला, साध्वीजी पायी विहार करत धुळ्याकडे गेल्या. पुन्हा या गावी येतील की नाही, कोण जाणे. उंबऱ्यावर कुणाची सावली पडली, की माझ्या बिजागऱ्या अजून थरथरतात.

मित्रांनो, तुमच्या दाराला कधीतरी थेंबभर तेल घाला. त्याच्यावर ओझं टाकू नका. आणि घरात कुणी वाट पाहत बसलं असेल, तर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. दाराला एकट्याने वाट पाहता येते. माणसाला ते फार जड जातं.