ड्रमाचं पांघरूण

ललिताबाईंनी बाही वर सारली आणि ड्रमातल्या कचऱ्यात मनगटापर्यंत हात घातला. आत ऊब नव्हती. काल नव्हती, आजही नव्हती. भाजीचे देठ, केळीच्या साली, उरलेला भात, सगळं गारढोण आणि चिकट होऊन बसलं होतं. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि मागच्या दाराकडे पाहिलं. दाराआडच्या खोलीत त्यांची गुड्डी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

ड्रम गुड्डीचाच. दिवाळीनंतर ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, जवाहरनगरच्या या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आली. बसून बसून कंटाळली, तेव्हा वडिलांच्या मागे लागून तिने एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रमाला भोकं पाडून घेतली. घरचा ओला कचरा आत टाकायचा आणि त्यावर बदामाच्या झाडाची वाळकी पानं पसरायची. थोड्याच दिवसांत ड्रम आतून तापू लागला. सकाळी झाकण उघडलं की वाफ यायची आणि गुड्डी पोट सांभाळत हसायची, "आई, पाह्य नं, श्वास घेऊन राहिला हा!" खत तयार झालं की अंगणात वांगी लावायचं तिचं ठरलं होतं.

मग दवाखान्यातून ती रिकाम्या हातांनी घरी आली. बाळ पोटातच गेलं होतं, मुलगा होता. नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांनी बजावलं, तिच्यासमोर विषय काढायचा नाही आणि तिने काढला तर बोलू द्यायचं नाही. पहिल्याच संध्याकाळी गुड्डी काही सांगू लागली, तर ललिताबाईंनी तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला. "नको आठवू माय." त्यानंतर गुड्डीने तो विषय काढला नाही, आणि दुसरंही काही बोलली नाही. हो, नाही, भूक नाही, एवढंच. पोरगी आपल्याच घरात पाहुण्यासारखी राहत होती. तिने एक तरी अख्खं वाक्य बोलावं म्हणून ललिताबाईंचा जीव तुटत होता, आणि ते कसं मागावं हे त्यांना कळत नव्हतं.

जे पोरीसाठी करता येईना ते त्या ड्रमासाठी करू लागल्या. पुसाची, पौषातली थंडी पडली होती. धुकं इतकं दाट की फॅक्टरीच्या बसचा हॉर्न ऐकू यायचा, पण बस दिसायची नाही. तिचा ड्रम तरी जगला पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. आणि थंडीपासून कुणाला जपायचं तर ललिताबाईंना एकच रीत ठाऊक, बाळंतिणीची. वाऱ्याची झुळूक लागू द्यायची नाही, गरम पाणी द्यायचं, शेक द्यायचा. गावाहून आणलेलं धानाचं तणस, वाळका पेंढा, त्यांनी ड्रमाभोवती रचलं, त्यावर गोधडी, गोधडीवर ताडपत्री, आणि सुतळीने सगळं करकचून आवळलं. सकाळी त्या आत गुळाचं गरम पाणी ओतत. संध्याकाळी शेजारी निखाऱ्यांची शेगडी ठेवत आणि तिच्यावर ओव्याची चिमूट टाकत. ओव्याचा धूर धुक्यात मिसळून जाई. त्यात त्या गुंडाळलेल्या ड्रमाकडे पाहता पाहता त्यांना वाटे, आत कुणीतरी गाढ झोपलंय, आता कूस बदलेल.

शेजारची रुखमिणी एकदा कुंपणावरून हसली. "काय व ललिताबाई, ड्रम बाळंत झाला का तुमचा?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली आणि खाली मान घालून घरात शिरली. ललिताबाईंना तिचा राग आला नाही. त्यांचं तसंच तर चाललं होतं.

एवढं करूनही ड्रम गारच. आता आंबूस वासही सुटला होता. ड्यूटीवर निघालेले नत्थूजी नाकाला रुमाल लावून थबकले.

"फेकून दे ना आता. पुरा क्वार्टर वास मारून राहिला."

"नाही फेकत."

"अवं, सडला तो."

"तिचा हाय तो!" ललिताबाई ओरडल्या. नवऱ्यावर त्या सहसा ओरडत नसत. नत्थूजींनी डबा उचलला आणि ते बस गाठायला निघाले.

मागचं दार वाजलं. शाल गुंडाळून, अनवाणी, गुड्डी उंबऱ्यावर उभी होती. तिने गोधडी पाहिली, ताडपत्री पाहिली, शेगडीतली राख पाहिली.

"आई, हे काय करून ठेवलं व?"

"थंडी लागत होती त्याले."

गुड्डीच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. ती पायऱ्या उतरून आली आणि वाकून सुतळीची गाठ सोडू लागली. ताडपत्री तिने बाजूला टाकली. गोधडी आणि तणस तसंच ठेवलं, पण भोकांसमोर बोटं घालून हवेला वाट मोकळी केली.

"पांघरूण चालते," ती म्हणाली. "पन असं नाकतोंड दाबून कोनी जगते का?"

ललिताबाईंनी आपला उजवा हात, त्या संध्याकाळी पोरीच्या तोंडावर ठेवलेला, पदराखाली घेतला.

"आन् पानी बंद कर. पुरा चिखल झाला याचा. वाळका पाला आन."

ललिताबाईंनी पोतंभर पाला आणला. पुढे कितीतरी वेळ दोघी काठीने तो लगदा खालीवर करत राहिल्या. गुड्डी दमली, पायरीवर बसली, पुन्हा उठली. जेवताना तिने वाढून घेतलं. जेवून ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली.

काही दिवसांनी, धुकं अजून अंगणात रेंगाळत होतं तेव्हा, गुड्डीने झाकण उचललं. पांढरी वाफ हळूच वर आली आणि धुक्यात विरून गेली.

"आई, हात घाल."

दोघींनी हात घातले. आत चांगली ऊब होती, नुकत्याच वाढलेल्या भातासारखी. कचऱ्यात त्यांची बोटं एकमेकींना लागली आणि तशीच राहिली. म्हाताऱ्या बायकांनी बजावलेलं ललिताबाईंना आठवलं. खड्ड्यात गेलं ते, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

"गुड्डी," त्या म्हणाल्या, "कसा दिसत होता व तो?"

गुड्डीने हात काढून घेतला नाही.

"जावळ बहुत होतं त्याले," ती वाफेकडे पाहत म्हणाली. "तू पाह्यलंच नव्हतं ना?"

"नाही. पाहू नको म्हनलं मले सगळ्यायनं."

"मंग आयक," गुड्डी म्हणाली.