दोन टोल्यांची शिस्त

आजोबांनी एकतीस वर्षे बसमध्ये कंडक्टरकी केली होती; त्यामुळे जगातील प्रत्येक गोष्ट एका टोल्यावर थांबते आणि दोन टोल्यांवर सुटते, यावर त्यांची नितांत श्रद्धा होती. अपवाद एकच, नात ढमी. वय वर्षे चार. ती कशावरच सुटत नसे. एक मोजा चढवायला तिला अर्धा तास लागे, आणि तोही बहुधा हातात चढे.

अखेर बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी धाडली: महिन्याभरात ढमी आपले आपण आवरायला शिकली नाही, तर तिला धाकट्या वर्गात बसवावे लागेल.

"त्या लाळेरीवाल्या पोरांत?" सूनबाईंचा चेहरा उतरला. "शिकवणी लावू या का, बाबा?"

"मोजे घालायची शिकवणी?" आजोबा कडाडले. "साठ-साठ माणसं चढवली-उतरवली मी. ही तर एकच सवारी, तीही बिनतिकीट!"

त्याच संध्याकाळी माळ्यावरची पितळी घंटा खाली आली आणि दोरीसकट पॅसेजमध्ये टांगली गेली. दुसऱ्या दिवसापासून घराची बस झाली.

"दात! दातवाले पुढे या!" टण्. ढमी दात घासून खळखळून चूळ भरी. काम पुरते झाल्याखेरीज टण् टण् मिळत नसे. "बूट! डावा डावीकडे! दारात गर्दी नको!"

पंधरवड्यात पोर अशी तयार झाली, की आजोबांच्या मिशीला पीळ चढला. आता घास तोंडाशी असताना कुणाचा घंटेला धक्का लागला, तर घास तिथेच अधांतरी राही. पण एवढ्यातेवढ्याकडे आजोबांनी कानाडोळा केला.

निकालाच्या दिवशी ते बालवाडीच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. सुटीचा टोला पडला. टण्. एकच. दार उघडले. दारात ढमी, पाठीवर दप्तर, एक पाय हवेत. तिच्यामागे बावीस मुले, बावीस पाय हवेत. महिनाभर पोरीने वर्गातही हीच बस चालवली होती, हे आजोबांना तेव्हा उमगले.

"अगं, चला की घरी!" बाई म्हणाल्या.

"एकच टोला झालाय, बाई. गाडी उभी आहे. कुणी हलायचं नाही रे!"

केलेल्या मेहनतीवर पाणी! आजोबा फाटकातून ओरडले, "बाई, दोन द्या! एकावर गाडी सुटत नाही!"

"आमच्याकडे नियम एकाचाच आहे."

"मग करा मुक्काम!"

रांगेतले एक पोर डगमगले आणि पुढच्यावर कलंडले. बाईंनी निमूटपणे हातोडी उचलली. टण् टण्.

ढमी बाजूला सरली. "पुढे चला, पुढे चला!" सगळे बाहेर पडल्यावर तिने मागे वळून वर्ग न्याहाळला, कुणाचा विसरलेला डबा काखोटीला मारला आणि मगच स्वतः उतरली.

बाईंची नजर बुटांवर गेली. तेवीसच्या तेवीस जणांचा डावा डावीकडेच होता.

"धाकट्या वर्गाचं राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "आणि आजोबा, ती घंटा कुठे मिळते हो?"

जेवताना आजोबांनी हा प्रसंग तिसऱ्यांदा सांगायला घेतला, तोही आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. सूनबाई शांतपणे उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या आणि दोरी एकदाच ओढली.

आजोबांचा हात हवेत राहिला, तोंड उघडेच.

"आई," ढमी कुजबुजली, "दुसरा टोला इतक्यात नको. आधी जेवून घेऊ."